पॅड आणि व्हियांच्या रिंगा : ठिबक नियंत्रकाच्या बोर्डाच्या फेरमांडणीच्या नोंदी

२ जून २०२५

द्राक्षबागांसाठीच्या ठिबक नियंत्रकाचा मुख्य बोर्ड ईगल या सर्किट बोर्ड आखण्याच्या सॉफ्टवेअरमधून किकॅड या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आणण्याचे काम आज हाती घेतले. ईगलचा आधार ७ जून २०२६ रोजी बंद होणार असल्याचे ईगल बनवणाऱ्या ऑटोडेस्कने आधीच जाहीर केले आहे, त्यामुळे हे काम आज ना उद्या करावेच लागणार होते. पण ऑक्टोबर छाटणीच्या आधी नवे बोर्ड बागांवर बसलेले हवेत, हे घाईचे खरे कारण आहे. छाटणीनंतर पाण्याच्या पाळ्या काटेकोर सांभाळाव्या लागतात आणि त्या दिवसांत नियंत्रक उघडून बसायला बागायतदाराला सवड नसते.

त्यासोबत एक जुने दुखणेही निकालात काढायचे आहे. निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतून सातपूरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये दुरुस्तीला येणाऱ्या बोर्डांवर एखादा भाग जळालेला असणे तसे क्वचितच घडते. बहुतेक वेळा स्क्रू टर्मिनलच्या किंवा रिलेच्या पिनेभोवतीची तांब्याची रिंग बोर्डापासून सुटलेली असते. आज भिंगाखाली घेतलेल्या बोर्डावर व्हॉल्व्हच्या टर्मिनलचे पॅड (पिन जिथे सोल्डर करतात तो छिद्राभोवतीचा तांब्याचा तुकडा) एका बाजूने उचललेले दिसले. त्याच्याखालचा काचतंतूंचा थर पांढुरका पडला होता, ट्रॅककडची, म्हणजे तांब्याच्या वाहक पट्टीकडची, कड अजून चिकटून होती आणि ट्रॅक जिथे पॅडला मिळतो नेमक्या तिथे बारीक आडवी भेग होती. त्याच बोर्डावरचे व्हिया (दोन्ही बाजूंचे तांबे जोडणारी, पिन नसलेली छिद्रे) मात्र, ज्यांची रिंग या पॅडच्या रिंगेपेक्षा अरुंद आहे, सगळे शाबूत आहेत. अरुंद रिंग टिकते आणि रुंद रिंग उचकटते, याचा अर्थ रुंदीचा एकच आकडा सगळ्या छिद्रांना लावून भागणार नाही. ती रिंग कोणता ताण सोसते हे पाहून प्रत्येक जातीच्या छिद्राची रिंग वेगळी ठरवणे, हे या फेरमांडणीचे मुख्य काम राहील.

४ जून

ईगलमध्ये रिंगची रुंदी कशी ठरते ते आधी लिहून ठेवतो, कारण नव्या सॉफ्टवेअरमध्ये ही पद्धतच नाही. ईगलच्या डीआरसी (आराखडा नियमांत बसतो का ते तपासणाऱ्या) खिडकीत रेस्ट्रिंग नावाचे पान आहे. तेथे रिंग थेट मिलिमीटरमध्ये न देता छिद्राच्या व्यासाच्या टक्क्यांत देतात आणि त्या टक्केवारीला खालची व वरची अशा दोन मर्यादा घालतात. आमच्या फाइलमध्ये पॅडांसाठी २५ टक्के, किमान १० मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आणि कमाल २० मिल हे मूळचेच आकडे आहेत. मिलिमीटरमध्ये ते ०.२५४ आणि ०.५०८ होतात. लायब्ररीत ज्या पॅडचा व्यास स्वयंचलित ठेवलेला असतो, त्याचा आकार या नियमातून निघतो.

हा नियम प्रत्यक्षात काय करतो ते पाहण्यासारखे आहे. ०.८ मिमी छिद्राचे २५ टक्के ०.२ होतात, पण ते किमान मर्यादेच्या खाली असल्याने रिंग ०.२५४ धरली जाते आणि पॅड १.३०८ मिमीचे होते. १.३ मिमी छिद्राचे २५ टक्के ०.३२५, म्हणून पॅड १.९५ मिमी. साधारण १.०२ मिमीपर्यंतची सगळी छिद्रे किमान मर्यादेवर बसतात, २.०३ मिमीच्या पुढची सगळी कमाल मर्यादेवर, आणि टक्केवारीचा खरा अंमल फक्त मधल्या पट्ट्यात चालतो. टर्मिनल आणि रिले नेमके याच पट्ट्यात येतात. एखाद्या मोजमापाच्या यंत्राला, जे एकदा बंद डबीत बसले की कोणी उघडत नाही, असे पॅड पुरेसे आहे. शेतात बसणाऱ्या आणि दर हंगामात पेचकस लागणाऱ्या टर्मिनलचा विचार या टक्केवारीत कुठेही नाही.

५ जून

ईगलचा बोर्ड किकॅड ९ मध्ये उघडला. आयात करताना किकॅड जुन्या फाइलमधले रेस्ट्रिंगचे नियम वाचतो, प्रत्येक स्वयंचलित पॅडचा व्यास त्यांवरून काढतो आणि तो आकडा फूटप्रिंटमध्ये (त्या भागाच्या पॅडांच्या साच्यात) कायमचा लिहून टाकतो. १.३ मिमी छिद्रांची पॅडे १.९५ मिमीचीच आली आहेत, म्हणजे आयात बिनचूक झाली आहे. मात्र येथून पुढे टक्केवारी बदलून सगळी पॅडे एकदम फुगवण्याची सोय राहिलेली नाही.

दोन्ही सॉफ्टवेअरांतला हा फरक ईगलची सवय असलेल्या प्रत्येकाने नीट समजून घ्यावा, असे मला मनापासून वाटते. ईगलचा रेस्ट्रिंग नियम पॅडचा आकार स्वतः घडवतो. किकॅडच्या बोर्ड सेटअपमध्ये किमान रिंगसाठी जो रकाना आहे, तो कोणतेही पॅड मोठे करत नाही. आकडा कमी पडला तर डीआरसीच्या वेळी फक्त चूक दाखवतो. पॅडचा आकार फूटप्रिंटमधून येतो, व्हियाचा आकार नेटक्लासमधून (जोडण्यांच्या एकेका गटाला नेमून दिलेल्या मापांतून) किंवा आधी ठरवून ठेवलेल्या मापांच्या यादीतून येतो, आणि बोर्ड सेटअप या दोघांवर पहारा ठेवतो. त्या रकान्यात ०.३५ लिहून पॅडे आपोआप सुधारतील अशी वाट पाहण्यात अर्थ नाही.

१० जून

पिंपळगाव बसवंतच्या ज्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात आमचे बोर्ड सर्वाधिक उघडले जातात, तेथे जाऊन आलो. रिले बदलण्याचे काम तेथे तापमान नियंत्रण नसलेल्या ६० वॅटच्या सोल्डर आयर्नने होते. दुकानाचे मालक वयाने आणि अनुभवाने मोठे आहेत. त्यांना विचारले, “काका, पॅड नेमके कधी सुटते?”

“काढताना सुटतं, साहेब. बसवताना कधीच नाही,” ते म्हणाले. “रिलेच्या पाच पिना एकदम ढिल्या व्हाव्या लागतात. चार सुटतात, पाचवी धरून ठेवते. तेवढ्यात बाहेर माणूस गाडी चालू ठेवून उभा असतो. मग जरा ओढलं जातं.”

या उत्तरात दोन्ही कारणे आली. साध्या एफआर-४ (काचतंतू आणि राळेच्या) बोर्डातील राळ १३० ते १४० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ होऊ लागते आणि त्या तापमानाच्या वर तांब्याची पकड उतरते. आयर्नचे टोक त्याच्या कितीतरी वर असते. अशा मऊ पडलेल्या पकडीवर पाचव्या पिनेची सगळी ओढ एका रिंगेवर येते, आणि तिला धरून ठेवणारे क्षेत्रफळ जितके कमी तितकी ती लवकर उचलली जाते. टर्मिनलच्या बाबतीत उष्णतेऐवजी वायरीची ओढ आणि स्क्रूचा पीळ काम करतात, पण भार शेवटी त्याच क्षेत्रफळावर येतो. व्हियाला यांपैकी काहीच सोसावे लागत नाही. त्याच्यात पिन नसते, त्याला आयर्न लागत नाही, आणि दोन्ही बाजूंच्या रिंगा तांब्याच्या नळीने जोडलेल्या असल्याने तो रिव्हेटसारखा बोर्डात पकडून बसतो.

१३ जून

रिंग ठरवण्याआधी छिद्र ठरवले पाहिजे, म्हणून आज व्हर्नियर घेऊन बसलो. ५.०८ मिमी अंतराच्या टर्मिनलची पिन १.० मिमी भरली. आयपीसी-२२२२ या बोर्ड-आराखड्याच्या मानकातील मधल्या पातळीचा हिशेब धरला, तर तयार छिद्र पिनेच्या कमाल जाडीपेक्षा निदान ०.२० मिमी मोठे हवे, म्हणजे किमान १.२. बोर्ड बनवणारे प्लेट केलेल्या (आतून तांबे चढवलेल्या) छिद्राला ±०.१ मिमीची सूट घेतात, म्हणून आराखड्यात १.३ लिहायचे, मग छिद्र १.२ ते १.४ यांच्या दरम्यान कुठेही आले तरी पिन बसते.

चौकोनी पिनेचा कर्ण मोजायचा असतो, बाजू नाही. हेडरच्या (जोडणीसाठीच्या पिनांच्या ओळीच्या) ०.६४ मिमी चौकोनी पिनेचा कर्ण ०.९०५ मिमी होतो आणि किकॅडच्या लायब्ररीतले १.० मिमीचे छिद्र खालच्या सुटीला ०.९ वर आले, तर पिना ठोकून बसवाव्या लागतील. हेडरचे छिद्र १.१ केले. पॅड १.७ मिमीच ठेवले असल्याने तेथे ०.३ मिमी रिंग उरते आणि शेजारच्या पॅडांमधले ०.८४ मिमी अंतर तसेच राहते.

आणखी एक गोष्ट हिशेबात धरायची आहे. आराखड्यात आपण लिहितो ते तयार छिद्राचे माप, प्लेटिंग झाल्यानंतरचे. आतल्या भिंतीवर २० ते २५ मायक्रॉन तांबे चढते आणि वर कथिलाचा थर येतो, म्हणून कारखाना साधारण ०.१ मिमी मोठे ड्रिल लावतो. १.३ च्या छिद्राला १.४ चे ड्रिल लागले, की मूळ तांब्याच्या पत्र्याची रिंग दोन्ही बाजूंना ०.०५ ने कमी होते. वरून पाहताना हे जाणवत नाही, कारण बाहेरच्या थरावर रिंग मोजताना प्लेटिंगच्या आतल्या कडेपासून मोजतात आणि प्लेटिंगची जाडी त्यात धरली जाते. राळेला चिकटलेला असतो तो मूळ पत्रा, आणि तो सुरू होतो ड्रिलच्या कडेपासून. उचकटण्याचा विचार करताना मी सगळे आकडे ड्रिलच्या कडेपासूनच मोजणार आहे.

१८ जून

आज पॅडच्या आकाराचा आयपीसी-२२२१ या मानकाप्रमाणे हिशेब केला. सूत्र सोपे आहे : तयार छिद्राचा कमाल व्यास, अधिक किमान रिंगची दुप्पट, अधिक निर्मितीसाठीची सूट. बाहेरच्या थरावर प्लेट केलेल्या छिद्राला किमान रिंग ०.०५ मिमी लागते आणि मधल्या पातळीला सूट ०.२५ मिमी असते. टर्मिनलसाठी १.४ + ०.१ + ०.२५ = १.७५ मिमी. जुने पॅड १.९५ चे आहे, म्हणजे ते मानकात व्यवस्थित बसते आणि तरीही शेतावर सुटते.

यात मानकाचा दोष नाही. हे सूत्र ड्रिल सरकले, फिल्म सरकली, बोर्ड थोडा आकसला, तरी छिद्र तांब्याच्या बाहेर पडू नये एवढ्याचीच हमी देते. बोर्ड हातात आल्यावर त्याला कोण किती वेळा तापवणार, हा प्रश्न त्याच्या कक्षेतला नाही. त्यामुळे मानकाचा आकडा म्हणजे ज्याच्या खाली जायचे नाही ती रेघ. पॅड किती असावे हे त्या रेघेवरून कळत नाही.

कळफलकाचा छोटा बोर्ड अंबडमध्ये एका बाजूचाच करून घेतो, तेथे मात्र हीच रेघ अंगाशी येते. छिद्रात प्लेटिंग नसल्याने किमान रिंग ०.१५ मिमी लागते. प्लेटिंग नसलेल्या छिद्राची सूट ±०.०५ धरली, तर हेडरसाठी १.१५ + ०.३ + ०.२५ म्हणजे नेमके १.७० मिमी होतात आणि हाताशी काहीच उरत नाही. त्या बोर्डावर हेडरची पॅडे १.८ × २.६ मिमीची लांबट केली. एका बाजूच्या बोर्डात पिनेला धरून ठेवणारी नळी नसते, सगळा भार एका रिंगेवर असतो. तेथे तांब्यात काटकसर करू नये.

२३ जून

टर्मिनलच्या पॅडचा आकार आज ठरला. विचार क्षेत्रफळावर केला, कारण पकड क्षेत्रफळाची असते.

ड्रिल १.४ मिमी धरले, तर जुन्या १.९५ मिमी गोल पॅडची चिकटलेली रिंग १.४५ चौरस मिमी भरते. किकॅडच्या लायब्ररीत याच जातीच्या टर्मिनलला २.६ मिमीचे गोल पॅड आहे. त्याचे क्षेत्रफळ ३.७७ चौरस मिमी, म्हणजे जुन्याच्या अडीच पटीहून थोडे अधिक. फूटप्रिंट उचलून ठेवले आणि काम संपले, असे म्हणता आले असते. पण ५.०८ मिमी अंतरावर २.६ ची दोन पॅडे शेजारी आली, की मधली मोकळी जागा ३.१३ वरून २.४८ मिमीवर येते. औषध फवारणीच्या मोसमात डबीत ओल आणि क्षारांची भुकटी शिरते, आणि जुन्या बोर्डांवर पॅडांच्या मधल्या पट्टीत हिरवट पुटे चढलेली मी पाहिली आहेत. व्हॉल्व्ह २४ व्होल्ट एसीचे असल्याने धक्क्याची भीती नाही, पण गळणारा प्रवाह आणि तांब्याची झीज आहेच, म्हणून ही मोकळी जागा घालवण्याची माझी तयारी नव्हती.

उत्तर लांबट पॅडात मिळाले. टर्मिनलच्या ओळीच्या दिशेने रुंदी २.० मिमी आणि ओळीला काटकोनात लांबी ३.२ मिमी ठेवली, तर पॅडचे एकूण क्षेत्रफळ ५.५४ आणि ड्रिल वजा जाता ४.०० चौरस मिमी उरते. गोल २.६ पेक्षाही हे जास्त आहे, जुन्याच्या पावणेतीन पट आहे, आणि पॅडांमधली मोकळी जागा ३.०८ मिमी म्हणजे जुन्याइतकीच राहते. वाढीव तांबे नेमके हवे त्या दिशेला गेले आहे हा आणखी एक लाभ. वायर टर्मिनलमध्ये ओळीला काटकोनात शिरते, तिची ओढ त्याच दिशेने टर्मिनल कलते करू पाहते आणि पॅडचे टोक उचलते; लांबट पॅडात त्या बाजूला ड्रिलच्या कडेपासून ०.९ मिमी तांबे आहे. अरुंद बाजूला ०.३० मिमी उरते, तीही जुन्या ०.२७५ पेक्षा कमी नाही.

रिलेच्या पिनांभोवती जागा मुबलक आहे. तेथे गोल २.५ मिमीची पॅडे दिली.

२७ जून

पंपाच्या स्टार्टरच्या कॉइलला ४१५ व्होल्ट मिळतात, त्यामुळे त्या टर्मिनलला वरचा हिशेब चालणार नाही. विद्युत अंतरांच्या आयईसी ६०६६४-१ या मानकात ४०० व्होल्टच्या ओळीत, प्रदूषणाच्या तिसऱ्या पातळीला आणि साध्या एफआर-४ च्या वर्गाला, पृष्ठभागावरचे अंतर ६.३ मिमी दिलेले आहे. बागेतली डबी कितीही घट्ट म्हटली तरी मी तिला दुसऱ्या पातळीची धरणार नाही.

५.०८ अंतराचे तीन पिनांचे टर्मिनल घेऊन मधली पिन काढून टाकली, की दोन तारांमध्ये १०.१६ मिमी अंतर मिळते. तेथे २.६ मिमीची गोल पॅडे ठेवूनही ७.५६ मिमी मोकळे राहतात. मधल्या जागी फूटप्रिंटमध्ये पॅड ठेवायचे नाही, हे मात्र कटाक्षाने पाहिले पाहिजे. रिकामे पॅड म्हणजे मध्ये सोडलेला तांब्याचा तुकडा, आणि तो सगळे अंतर दोन भागांत तोडतो. त्या जागी प्लेटिंग नसलेले छिद्र दिले असून त्याच्या पॅडचा आकार ड्रिलइतकाच ठेवला आहे, म्हणजे तांबे शून्य. रिंग मुद्दाम नको असलेले बोर्डावरचे हे एकमेव विद्युत भागाचे छिद्र.

३ जुलै

व्हियांचा प्रश्न त्यामानाने लवकर सुटला. त्यांना ओढ नाही, उष्णता नाही, वर सोल्डर मास्कचे (सोल्डर अडवणाऱ्या रंगासारख्या थराचे) पांघरूण आहे. त्यांची रिंग केवळ कारखान्याच्या अचूकतेवर ठरवायची.

किकॅड नव्या बोर्डाला ०.६ मिमी व्यास आणि ०.३ मिमी छिद्राचा व्हिया सुचवतो. कागदावर त्याची रिंग ०.१५ मिमी आहे. कारखान्याने ०.४ चे ड्रिल लावले तर ०.१० उरते आणि ड्रिल ०.०७५ सरकले तर एका बाजूला जेमतेम ०.०२५. तयार बोर्ड स्वीकारण्याच्या आयपीसी-६०१२ मानकाच्या दुसऱ्या वर्गात छिद्राने रिंगची कड ९० अंशांपर्यंत तोडली तरी बोर्ड स्वीकारला जातो, तिसऱ्या वर्गात बाहेरच्या थरावर ०.०५ मिमी शिल्लक राहावीच लागते. आमच्या बोर्डावर जागेची इतकी ओढाताण नाही की हा धोका पत्करावा. सिग्नलसाठी ०.८ व ०.४ आणि पुरवठ्यासाठी १.२ व ०.६ अशी दोन मापे ठरवली.

व्हियात काहीच बसवायचे नसते, म्हणून त्याच्या छिद्राला दोन्ही बाजूंची सूट देण्याची गरज नाही. ‘०.४ मिमीपेक्षा मोठे नको, प्लेटिंगने लहान झाले तरी चालेल’ अशी सूचना दिली, की कारखाना ०.५ ऐवजी ०.४ चेच ड्रिल लावू शकतो आणि प्रत्येक व्हियाची रिंग ०.०५ मिमीने वाचते. व्यास तोच, किंमत तीच. फक्त एक वाक्य स्पष्ट लिहावे लागते. आयपीसीच्या सूत्रातही मग ०.४ + ०.१ + ०.२५ = ०.७५ येते आणि ०.८ सुखाने बसते.

८ जुलै

सगळे निर्णय आज किकॅडमध्ये उतरवले. नेटक्लासमध्ये साध्या आणि पुरवठ्याच्या नेटांना वरची व्हियांची मापे दिली. आयातीत आलेले जुने व्हिया नेटक्लास बदलल्याने आपोआप बदलत नाहीत. त्यांच्यासाठी एडिट मेनूतील ट्रॅक आणि व्हियांचे गुणधर्म बदलणारी खिडकी उघडून सगळ्यांना नेटक्लासची मापे लावावी लागली.

बोर्ड सेटअपमध्ये किमान रिंग ०.२ मिमी ठेवली. त्याखेरीज स्वतःच्या नियमांच्या पानावर एक नियम लिहिला : ज्या पॅडाच्या फूटप्रिंटचे बोर्डावरचे नाव ‘टीबी’ (टर्मिनल) किंवा ‘के’ (रिले) या अक्षरांनी सुरू होते, त्याची रिंग किमान ०.३५ मिमी असली पाहिजे. यासाठी टर्मिनलांची नावे ‘जे’ वरून ‘टीबी’ अशी बदलून घेतली, नाहीतर हेडरही त्यात ओढले गेले असते. दोन बाबी पुढच्या माणसासाठी नोंदवतो. किकॅड रिंग मोजतो ती आराखड्यातल्या छिद्रापासून, कारखान्याच्या ड्रिलपासून नाही. म्हणून नियमातला ०.३५ म्हणजे प्रत्यक्षात ०.३०. आणि नियमांच्या पानावर खाली लिहिलेला नियम वरच्यावर मात करतो, त्यामुळे सर्वसाधारण नियम वर आणि विशेष नियम खाली ठेवायचे.

नियम लावताच आयातीत आलेली सगळी जुनी टर्मिनल आणि रिले डीआरसीमध्ये लाल झाली. नियम काम करतो आहे याची ही खात्री आहे, म्हणून पॅडे सुधारण्याआधीच तो लिहिणे मला योग्य वाटते.

११ जुलै

पॅडे बोर्डावरच्या बोर्डावर बदलण्याचा मोह टाळला. एका पॅडाचे गुणधर्म इतर पॅडांवर ढकलण्याची सोय किकॅडमध्ये आहे आणि ती झटपट चालते, पण पुढे कोणी लायब्ररीतून फूटप्रिंट अद्ययावत केले, की तो बदल चुपचाप पुसला जातो. प्रकल्पाची स्वतंत्र लायब्ररी करून टर्मिनल, स्टार्टरचे टर्मिनल, रिले आणि हेडर अशी फूटप्रिंटे तिच्यात ठेवली आणि बोर्डावरची सगळी तेथून बदलून घेतली. प्रत्येकाच्या वर्णनात पिनेचे माप, छिद्राचे माप आणि रिंग कशासाठी एवढी ठेवली ते एका वाक्यात लिहिले आहे. पाच वर्षांनी जो कोणी जागा वाचवण्यासाठी हे पॅड लहान करायला बसेल, त्याच्यासमोर कारण असले पाहिजे.

१६ जुलै

टर्मिनल आणि रिलेच्या ट्रॅकांना पॅडाजवळ टिअरड्रॉप (थेंबासारखे निमुळते तांबे) दिले. पहिल्या दिवशी पाहिलेली भेग ट्रॅक आणि पॅड यांच्या सांध्यावर होती. तेथे तांबे हळूहळू निमुळते होत गेले की ताण एका रेघेवर साचत नाही आणि ड्रिल त्या बाजूला सरकले तरी जोड तुटत नाही. जमिनीच्या (ग्राउंडच्या) पट्ट्याला जोडलेल्या पिनांना चार दांड्यांचे थर्मल दिले आहे, म्हणजे पॅड पट्ट्याला फक्त चार बारीक दांड्यांनी जोडले आहे. पॅड सरळ पट्ट्यात बुडवले असते तर उष्णता पसरून जाते, आणि मग दुकानात आयर्न अधिक वेळ टेकवला जातो. डीआरसी स्वच्छ झाली.

१८ जुलै

गर्बर (बोर्डाच्या थरांचे नकाशे) आणि ड्रिलच्या फाइल कारखान्याला पाठवल्या. कारखान्याच्या अभियंत्यांचा लगेच फोन आला, “ड्रिलच्या तक्त्यात ०.४ फिनिश आहे आणि सूचनेत ०.४ पेक्षा मोठे नको लिहिले आहे. मग टूल ०.४ चेच लावू ना?” मी होकार दिला आणि १.३ च्या छिद्रांना मात्र नेहमीप्रमाणे १.४ चे टूल लावावे, हेही सांगितले. सूचना वाचून प्रश्न विचारणारा माणूस पलीकडे आहे, ही मोठी जमेची बाजू आहे.

१ ऑगस्ट

बोर्ड आले. सोल्डर मास्कखालून व्हियांच्या रिंगा पुरेशा दिसत नसल्याने एका नमुन्यावरचा मास्क खरवडून कॅमेऱ्याच्या भिंगाखाली मोजल्या. छिद्रे सगळीकडे एकाच दिशेला किंचित सरकलेली आहेत, पण सर्वांत अरुंद बाजूलाही रिंग ०.१४ मिमीच्या खाली कुठे गेलेली नाही. हाच बोर्ड ०.६ आणि ०.३ च्या व्हियांनी, एक माप मोठे ड्रिल लावून केला असता, तर त्या बाजूला चाळीस मायक्रॉन उरले असते. टर्मिनलची लांबट पॅडे देखणी आली आहेत. सोल्डर लांब बाजूला चांगली पसरते आणि पिनेभोवती रुंद शंकू तयार होतो.

६ ऑगस्ट

एक जुना आणि एक नवा बोर्ड पिंपळगावला काकांच्या टेबलावर ठेवला आणि त्यांच्याच आयर्नने, त्यांच्याच सवयीप्रमाणे, दोन्हींवरचे रिले पुन्हा पुन्हा काढून बसवायला सांगितले. जुन्या बोर्डावर कॉइलच्या पिनेचे पॅड आधी फिरले आणि मग पिनेबरोबर वर आले. नव्या बोर्डावर मास्क तपकिरी पडला, सोल्डर काळवंडली, तरी रिंगा जागच्या हलल्या नाहीत. टर्मिनलमध्ये वायर आवळून तिला आडवे ओढून पाहिले, तेव्हा टर्मिनलचे प्लॅस्टिक तडकले आणि पॅड तसेच राहिले.

आता बागांवर आधीच बसलेल्या जुन्या बोर्डांचे पाहायचे आहे. ते सगळे बदलणे परवडणारे नाही. त्यांच्या दुरुस्तीसाठी काकांनीच एक रीत सुचवली आणि ती आज एका बोर्डावर करूनही दाखवली : बिघडलेला रिले वाचवायचा नाही, त्याचे कवच फोडून पिना वरून छाटायच्या आणि मग एकेक पिन वेगळी तापवून काढायची, म्हणजे पाचव्या पिनेची ओढ कोणत्याही रिंगेवर येत नाही. ही रीत चित्रांसह एका पानावर लिहून ओझर, वणी आणि निफाडच्या दुकानांत सप्टेंबरच्या आत पोहोचवायची आहे. चित्रे काढायला उद्या सुरुवात करतो.